बेपत्ता बापाची सही

घटस्फोट झाला, मूल आईकडे राहिलं आणि वडील पुन्हा कधी फिरकले नाहीत. पुढे आईनं दुसरं लग्न केलं. मुलाला शाळेत सोडणारे, फी भरणारे, तापात रात्र जागणारे आता नवे बाबाच. ते कायद्यानंही बाबा व्हावेत म्हणून जोडपं वकिलाकडे जातं, तेव्हा पहिलाच प्रश्न येतो, 'पहिल्या नवऱ्याची संमती आहे का?'

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या दत्तक कायद्याचं कलम ९ इथे आडवं येतं. आई मूल दत्तक देऊ शकते, पण वडील हयात असतील तर त्यांच्या संमतीनंच. अपवाद तीन: त्यांनी कायमचा संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल किंवा न्यायालयानं त्यांना मनोरुग्ण ठरवलं असेल. म्हणजे भगवी वस्त्रं घालून हिमालयात गेलेल्या बापाची सही लागत नाही. पोटगीचा रुपयाही न देता दोन स्टेशनं पलीकडे नवा संसार थाटलेल्याची मात्र लागते. बरं, मुलाला टाकून जाणं कायद्याला ठाऊक नाही असंही नाही. आई आणि वडील दोघांनीही टाकलं असेल, तर पालक न्यायालयाच्या परवानगीनं मूल दत्तक देऊ शकतो, हे याच कलमात लिहिलंय. एकानंच टाकलं तर काय, यावर ते गप्प आहे.

राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलता येतं, मग दत्तकाचा खटाटोप कशाला? कारण आडनाव बदलल्यानं बाप बदलत नाही. सावत्र वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलाला मुलाचा वाटा नाही. दत्तकानंतर तो मिळतो, पण जन्मदात्याकडून पोटगी आणि पुढचा वारसा मागण्याचा हक्क संपतो. शिवाय रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. सावत्र वडिलांना आधीचा मुलगा असेल तर या कायद्याखाली दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी घ्यायची तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं.

वडील वारले असतील तर वाट मोकळी. २०२२ साली अकेला ललिता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विधवा आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा आणि त्याला दुसऱ्या पतीला दत्तक देण्याचा अधिकार असल्याचं स्पष्ट केलं. सात वर्षं ठावठिकाणा नसलेली व्यक्ती मृत मानण्याचाही नियम आहे, पण फेसबुकवर सहलीचे फोटो टाकणाऱ्याला मृत कोण मानणार! बालन्याय कायद्याखालचा 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचा मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे, पण तिथेही जन्मदात्यांचं संमतिपत्र लागतं आणि ताब्याचा वाद न्यायालयात असेल तर आधी त्याचा निकाल.

अमेरिकेत हा प्रश्न थेट विचारला जातो. न्यूयॉर्कमध्ये सहा महिने मुलाशी संपर्क न ठेवणाऱ्या पालकाची संमती न घेताही दत्तकाला मंजुरी मिळू शकते. कॅलिफोर्नियात मूल दुसऱ्या पालकाकडे सोडून वर्षभर खर्च न देणाऱ्या, संपर्क न ठेवणाऱ्याचे हक्क न्यायालय संपवू शकतं. पण हे हक्क सहज काढून घेता येत नाहीत. सरकारला ते संपवायचे असतील तर भक्कम पुरावा लागेल, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये ठरवलं. ही खबरदारी रास्तच आहे. काही बाप पळालेले नसतात, त्यांना मुलापर्यंत पोहोचूच दिलेलं नसतं. त्यांना नोटीस मिळालीच पाहिजे.

आपल्याकडे तूर्त शहाणपणाचं एवढंच: संमतीनं घटस्फोट घेताना पुढच्या दत्तकाचा विषय तेव्हाच काढा, पहिल्या पतीचा पत्ता जपून ठेवा आणि संमती मिळाली तर दत्तकपत्र नोंदवूनच घ्या. बाकी काम संसदेचं. कलम ९ मध्ये २०१० साली दुरुस्ती होऊन आईला बरोबरीचा अधिकार मिळाला. त्याच कलमात 'अपत्याला टाकून गेलेला' हा चौथा अपवाद न्यायालयीन चौकशीच्या अटीसह घालायला हवा.