ज्वारीचा एक दाणा, सव्वा लाख युनिट

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या रानातला ज्वारीचा एक दाणा घ्या. वजन साधारण 30 मिलिग्रॅम. तो न्यूट्रॉन ताऱ्यावर पडला, तर नुसत्या आदळण्यातून सव्वा लाख युनिट वीज होईल इतकी ऊर्जा निघेल. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घराचं शंभर वर्षांचं बिल मिटलं! सूर्याच्या 1.4 पट वस्तुमान जेमतेम 24 किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात ठासलेलं. बीड जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा हा तारा. दाणा तिथं पोचतो तो प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं.

पण पोतीच्या पोती ओतून चालत नाही. ताऱ्यावर प्रत्यक्षात पडतो तो वायू, आणि त्यातून निघालेले क्ष-किरण मागून येणाऱ्या वायूला बाहेर रेटतात. रेटा बसतो इलेक्ट्रॉनांना, गुरुत्व ओढतं प्रोटॉनांना, आणि विद्युत आकर्षणामुळे दोघांची ताटातूट होत नाही. दोन्ही जोर बरोबरीत आले की आवक थांबायला हवी. ही एडिंग्टन मर्यादा. दर सूर्यभार वस्तुमानामागे सुमारे 33,000 सूर्यांएवढं तेज, कृष्णविवर असो की न्यूट्रॉन तारा. आपल्या गोळ्यापुरतं सांगायचं, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी टन माल. त्यापुढे दार बंद.

म्हणून एम82 दीर्घिकेतला एक झगझगीत क्ष-किरण स्रोत वजनदार कृष्णविवरच असणार, असं मानलं जाई. 2014 साली त्या दीर्घिकेत तारा फुटला, तो पाहायला नुस्टार दुर्बीण तिकडे वळली, आणि या स्रोताची दर 1.37 सेकंदांची धडधड हाती लागली. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही, ते असं धडधडणार कसं? हा न्यूट्रॉन तारा होता, आणि तेज मर्यादेच्या शंभरपट! ते जाहीर करणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि श्रीहर्ष तेंडुलकर ही नावं आहेत.

प्रकाश एका झोतात आपल्याकडे येतो म्हणून तेज फुगलेलं दिसतं, अशी शंका निघालीच. मग या न्यूट्रॉन ताऱ्याची जोडीदार ताऱ्याभोवतीची अडीच दिवसांची फेरी वर्षानुवर्षं मोजली. तिला लागणारा वेळ दरवर्षी दोन सेकंदांहून थोडा कमी एवढा घटतो आहे. त्यावरून निघालेला हिशेब असा: हा तारा जोडीदाराकडून वर्षाला दीड पृथ्वी ओढतो, म्हणजे सेकंदाला 280 लाख कोटी टनांच्या आसपास. मग दार उघडं राहतं कसं? संशय चुंबकीय क्षेत्रावर आहे. ते इतकं प्रचंड असावं की इलेक्ट्रॉनांवर प्रकाशाची पकडच ढिली पडते.