डिमेन्शियाच्या गोळ्यांनी त्रास झाला, तर डॉक्टर जबाबदार का?

घरातले आजोबा नावं विसरतात, रात्री उठून दार उघडतात म्हणून गोळ्या सुरू होतात. पंधरा दिवसांत चक्कर येऊन पडतात, खुब्याचं हाड मोडतं. मग घरात एकच विषय: डॉक्टरवर केस करता येते का?

करता येते. पण नुसता त्रास झाला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. काळजी घेण्यात कुठे कसूर झाली, ते दाखवावं लागतं.

त्रास कोणता?
डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होतात, भूक कमी होते. काहींच्या हृदयाचे ठोके मंदावून भोवळ येते. चिडचिड, आरडाओरड आवरायला रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्वेटियापिन दिली जातात. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. तरी गरज पडली तर ती देणे म्हणजे गुन्हा नाही.

कसूर कधी धरतात?
सर्वसाधारण कुशल डॉक्टर घेईल तेवढी काळजी घेतली का, हीच कसोटी आहे. आधीचा हृदयविकार विचारला का? चालू गोळ्या पाहिल्या का? चक्कर येते सांगूनही डोस तोच ठेवला का? उपचारातले धोके आधी सांगून संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सांगितले. रुग्णाला समजत नसेल, तर सांभाळणाऱ्या नातेवाइकांना सगळं नीट सांगणं महत्त्वाचं.

दाद कुठे मागायची?
पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सर्वांना मोफत सेवा देणारा सरकारी दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही. तिथे भरपाईसाठी दिवाणी न्यायालय. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते.

मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र त्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये ठरवून दिलं.

कागद जपा
कागदाअभावी केस पडू शकते. चिठ्ठी, मेडिकलचं पक्कं बिल, गोळ्यांची रिकामी पाकिटं ठेवा. त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, डॉक्टरला कधी सांगितलं, हे वहीत लिहा. रुग्णाची कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात.

जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने त्याच गोळ्या आणू नका; तपासणी चुकवली तर हेच आयोगात आपल्यावर उलटू शकतं. गोळ्या मनाने बंदही करू नका, आधी डॉक्टरला गाठा. औषधाच्या दुष्परिणामाची माहिती १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कोणालाही देता येते.