कोणता रंग जास्त जिंकतो? पत्त्यांच्या खेळातलं गणित

मुलांच्या दप्तरात हल्ली चित्रांचे पत्ते सापडतातच. थोडी मोठी मुलं ‘मॅजिक द गॅदरिंग’च्या स्पर्धा मोबाईलवर बघतात आणि घरी हट्ट सुरू होतो, "निळा-पांढराच जिंकतो, तेच पत्ते घेऊन द्या!" हे पत्ते काही स्वस्त नसतात. म्हणून खिशात हात घालण्याआधी हा प्रश्न मुलांसोबत बसून सोडवा.

हा खेळ १९९३ मध्ये आला. तयार करणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक. खेळात पाच रंग आणि प्रत्येकाची आपली जमीन : पांढऱ्याचं मैदान, निळ्याचं बेट, काळ्याची दलदल, लालचा डोंगर, हिरव्याचं जंगल. जमिनीचा पत्ता म्हणजे त्या रंगाचा पैसाच समजा. तो हातात नसेल तर त्या रंगाचा भारी पत्ताही नुसता शोभेचा.

आता मुलांना विचारा, पाच रंगांतून किती प्रकारचे डेक होतील? एका रंगाचे ५, दोन रंगांचे १०, तीन रंगांचे पण १०, चार रंगांचे ५ आणि पाचही रंगांचा १. एकूण ३१. दोनचे आणि तीनचे सारखेच कसे? तीन रंग निवडले म्हणजे दोन सोडले, म्हणून! हे मुलांना स्वतःला सापडू द्या, सांगून टाकू नका.

मग सगळे रंग घेतले तर ताकद वाढेल ना? इथे खरी मेख आहे. समजा ६० पत्त्यांच्या डेकमध्ये २४ जमिनी आहेत. सुरुवातीला हातात ७ पत्ते येतात. एकच रंग असेल तर एकही जमीन न येण्याची शक्यता साधारण २ टक्के. दोन रंगांत १२-१२ वाटल्या, तर ठरावीक एका रंगाची जमीन न येण्याची शक्यता १९ टक्के होते. तीन रंगांत ८-८ केल्या की ३५ टक्के! प्रत्येक वाढीव रंगाची अशी किंमत मोजावी लागते. दोन रंग देणाऱ्या जमिनींनी हा धोका कमी होतो, पण त्याच बऱ्याचदा महाग असतात.

आता इतिहास बघा. २०११ मध्ये निळ्या-पांढऱ्या ‘कॉ-ब्लेड’ डेकनं इतका धुमाकूळ घातला, की त्या जूनमध्ये त्यातल्या दोन मुख्य पत्त्यांवर स्टँडर्ड प्रकारात बंदी जाहीर झाली. जून २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या आठपैकी सात डेक लाल रंगाचे होते. त्याच रिचमंडमध्ये नोव्हेंबर २०१९ ला चित्र पालटलं. ‘ओको’ नावाचा हिरवा-निळा पत्ता जवळपास ७० टक्के डेकमध्ये होता. त्याच महिन्यात त्याच्यावरही बंदी आली. मग सांगा, रंग जिंकत होता की त्या वेळचे एकदोन जबरदस्त पत्ते? मला तर पत्तेच वाटतात. नवे पत्ते आले, बंदी आली, की जोडी बदलते. तोवर पालकांचे पैसे गेलेले असतात!

अजून एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. समजा १०० डेकपैकी ६० निळे आणि १० हिरवे. शेवटच्या आठात ४ निळे, २ हिरवे पोचले. मुलं लगेच ओरडतील, "निळा भारी!" पण ६० पैकी ४ म्हणजे ७ टक्क्यांच्याही आत, आणि १० पैकी २ म्हणजे २० टक्के. पाचवी-सहावीला शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण छान बसतं. (दहाच डेक फार थोडे, हेही चाणाक्ष मुलं बोलून दाखवतील.)

वर्गात पत्ते आणायची गरजच नाही. ६० चिठ्ठ्या करा, १२ वर लाल, १२ वर निळा ठिपका द्या, बाकी कोऱ्या ठेवा. प्रत्येक मुलाला डोळे मिटून ७ काढायला लावा, बघून परत टाकू द्या. ज्यांच्या हातात एकही लाल आली नाही, त्यांची नावं फळ्यावर मांडा आणि टक्केवारी मुलांनाच काढू द्या.