भाग : डॉसमध्ये ‘डिलीट’ केलेली फाइल जाते कुठे?

एका श्रोत्याने विचारलंय, "जुना पेन ड्राइव्ह विकायचाय, सगळं डिलीट केलं की झालं ना?" उत्तर ‘नाही’ असं आहे. का, ते समजायला आपण थेट १९८१ च्या डॉसकडे जाऊ.

डॉस म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम. नावातच काम आलं. डिस्क स्वतः अडाणी असते बरं का! तिच्याकडे नुसते ५१२ बाइट्सचे कप्पे, म्हणजे सेक्टर. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर असे २,८८० सेक्टर. कुठल्या कप्प्यात कोणाचं काय, हा हिशोब डॉस ठेवतं.

त्यासाठी दोन वह्या असतात. पहिली डिरेक्टरी. तिच्यात प्रत्येक फाइलची ३२ बाइट्सची नोंद : आठ अधिक तीन अक्षरांचं नाव, तारीख, साइज आणि पहिला तुकडा कुठे आहे ते. दुसरी वही फॅट, म्हणजे फाइल अलोकेशन टेबल. ‘या तुकड्यानंतर पुढचा कुठला’ एवढंच ती सांगते. फाइल उघडली की डॉस पहिला तुकडा डिरेक्टरीत बघतं आणि पुढे फॅटचं बोट धरून चालत राहतं.

आता ‘डेल’ कमांड दिली की काय होतं? इंजिनिअरिंगला असताना मी फ्लॉपीची इमेज हेक्स एडिटरमध्ये उघडून हे पाहिलंय. नावाच्या पहिल्या अक्षराजागी ‘ई५’ ही खूण येते, फॅटमधल्या त्या साखळीचे आकडे शून्य होतात. बस्स! मजकूर जागच्या जागी. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं तरी शेतातलं पीक उभंच राहतं, तसं.

म्हणूनच १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ कमांड देता आली. ती तुम्हाला फाइलचं पहिलं अक्षर विचारायची, कारण तेवढंच पुसलेलं असायचं! पण साखळी गेलेली असल्याने तुकडे सलग आहेत असं धरावं लागायचं. फाइल विखुरलेली असेल, किंवा त्या जागी नवं काही लिहिलं गेलं असेल, तर संपलं.

आजचे बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ वर चालतात, म्हणजे त्याच घराण्यातले. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, कार्डातले फोटो चुकून उडाले तर नवा फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढा आणि रिकव्हरी करताना फाइल्स दुसऱ्या डिस्कवर घ्या.

दोन, ड्राइव्ह परक्याला देताना ‘क्विक फॉरमॅट’वर विसंबू नका, त्यात फक्त वह्या कोऱ्या होतात. टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं असतील तर मी म्हणेन, ड्राइव्ह विकूच नका. शे-दोनशे रुपयांसाठी कशाला ती जोखीम?

पुढच्या भागात विखुरलेल्या फाइल्स, म्हणजे फ्रॅगमेंटेशन. प्रश्न पाठवत राहा. भेटू!