एक्स्पोसितो: आईबापांऐवजी नोंदवही
आडनावांच्या मुलखात – भाग ५

गेल्या आठवड्यात गार्सिया पाहिलं. स्पेनमध्ये साडेचौदा लाखांच्या आसपास माणसं ते पहिलं आडनाव म्हणून लावतात. आजचं एक्स्पोसितो त्या मानाने विरळ. अंदालुसिया आणि कानारी बेटांवर ते जास्त भेटतं. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ बाहेर ठेवलेला, म्हणजे टाकून दिलेलं तान्हं मूल.

अनाथालयाच्या भिंतीत एक उभं, पोकळ लाकडी पिंप बसवलेलं असे. त्याला तोर्नो म्हणत. रस्त्याच्या बाजूने बाळ आत ठेवायचं, घंटा वाजवायची. आतली बाई पिंप फिरवून बाळ उचलून घेई. कोणी कोणाचं तोंड पाहत नसे. दुपट्यात कधी चिठ्ठी सापडे: बाप्तिस्मा झालाय की नाही, नाव काय ठेवावं. कधी फितीचा तुकडा किंवा अर्धं पदक असे. उरलेला अर्धा भाग आईकडे, म्हणजे पुढेमागे ओळख पटवून मूल परत मागता यावं. ही अर्धी पदकं मला फार अस्वस्थ करतात. मूल टाकणाऱ्या बाईला ते नकोच होतं, असं सरसकट म्हणायची सोय ती ठेवत नाहीत.

माद्रिदमधल्या अशा घराचं नाव इनक्लुसा. बाळ कधी आलं, अंगावर काय होतं, हे वहीत लिहून घ्यायचं आणि मग ते दूध पाजणाऱ्या दाईकडे सोपवायचं. दाया कमी, पगार तुटपुंजा. अठराव्या शतकात तिथे आलेली बहुतेक मुलं लहानपणीच दगावली.

जी जगली त्यांच्यामागे आडनावाचा डाग लागला. १७९४ मध्ये राजा चौथा कार्लोस याने फर्मान काढून या मुलांना कायद्यापुरतं औरस ठरवलं. त्यांना अनौरस म्हणून हिणवणाऱ्याने न्यायालयात शब्द मागे घ्यायचे, वर दंड भरायचा. हुकूम चांगलाच होता, पण गावाचं तोंड हुकमाने बंद होत नाही. पुढे १९५७ च्या नागरी नोंदणी कायद्यात हे आडनाव बदलून घेण्याची खास तरतूद ठेवावी लागली.

म्हणूनच आज किती एक्स्पोसितो आहेत, यावरून टाकलेल्या मुलांचा अंदाज बांधता येत नाही. असंख्य मुलं बालपणीच गेली, अनेकांनी नाव बदललं. मुलींचं तर आणखी वेगळं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, परंपरेने आधी वडिलांचं, मग आईचं. नातवंडांपर्यंत आजीचं बहुधा गळून जातं. मुलाला जन्मापासूनच आईचं आडनाव आधी लावायची मुभा १९९९ च्या कायद्याने दिली, तोवर कित्येक पिढ्या उलटल्या होत्या. शिवाय सगळ्याच टाकलेल्या मुलांना हे आडनाव मिळालं नाही. काहींना संतांची नावं मिळाली, कातालोनियात देउलोफेउ, म्हणजे देवाने घडवलेला. फुटबॉलपटू जेरार्ड देउलोफेउमुळे ते आपल्याकडेही कानावर आलंय. इटलीत याचंच भावंड एस्पोझितो, नेपल्स भागात घरोघरी आढळणारं.

एका गावातली दोन एक्स्पोसितो घराणी एकमेकांची भाऊबंद असतीलच असं नाही. वंशावळ शोधणारा मागे मागे जातो आणि अनाथालयाच्या वहीतल्या एका नोंदीपाशी अडतो. त्या नोंदीबरोबर चिठ्ठी टाचलेली असली, तर आईच्या बाजूचा तेवढाच कागद त्याच्या हाती लागतो.

पुढच्या भागात: बास्क मुलखातलं एचेवेरिया.