मद्रासच्या वेधशाळेतून सापडलेला लघुग्रह

सूर्यमालेचा तक्ता शिकविताना मंगळ व गुरू यांच्यामधील ठिपक्यांच्या पट्ट्यावरून शिक्षकाची छडी बहुधा चटकन पुढे सरकते. त्यांपैकी काही ठिपके भारतातून शोधले गेले, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते.

नॉर्मन पॉगसन हे इंग्रज ज्योतिर्विद १८६१ च्या आरंभी मद्रासच्या सरकारी वेधशाळेत रुजू झाले. १७ एप्रिल १८६१ रोजी त्यांना एक लघुग्रह आढळला. अनुक्रमाने तो सदुसष्टावा. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच, म्हणून त्याचे नाव 'एशिया' ठेवण्यात आले.

लघुग्रह दुर्बिणीतूनही मंद ताऱ्यासारखाच दिसतो. मग तो ओळखावा कसा? तारे परस्परांच्या मानाने जागा सोडत नाहीत. लघुग्रह मात्र रोज थोडा सरकतो. म्हणून आकाशाच्या लहानशा भागाचा नकाशा पुढे ठेवून रात्रीमागून रात्र पडताळा घ्यावा लागे. नकाशात एक तारा चुकीचा पडला असेल, तर सारा श्रम फुकट. छायाचित्राची मदत मिळू लागली ती १८९१ पासून, जर्मनीतील माक्स वोल्फ यांच्या प्रयत्नाने. शिवाय शोध लागला म्हणजे काम संपले असेही नव्हे. १८०१ साली सिसिलीत पियाझी यांना सापडलेला 'सेरेस' काही आठवड्यांत सूर्यतेजात दिसेनासा झाला. तरुण गणिती गाउस यांनी कक्षेचे गणित करून दिले, तेव्हा तो वर्षअखेर पुन्हा दिसला.

मद्रासेस पॉगसन यांना पुढे 'सॅफो' (१८६४), 'सिल्विया' (१८६६) व 'कॅमिला' (१८६८) हे लघुग्रहही मिळाले. त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला. त्यांचे नाव मुलांना अवश्य सांगावे.

आज नव्या लघुग्रहास प्रथम तात्पुरता संकेत मिळतो, कक्षा निश्चित झाल्यावर क्रमांक, व त्यानंतर शोधकाने सुचविलेले नाव आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघाची समिती मान्य करते. राजकारणी वा सेनानी यांचे नाव मृत्यूनंतर शंभर वर्षे लोटल्यावाचून देता येत नाही. पैसे घेऊन आकाशात नाव लावून देणाऱ्यांच्या प्रमाणपत्रास येथे काहीच किंमत नाही.

वर्गासाठी लघुग्रह कशाला हवा? सायंकाळी दिसणारा मंगळ किंवा गुरू घ्यावा. त्याच्या आसपासचे पाचसहा ठळक तारे मुलांकडून कागदावर मांडून घ्यावेत व दर आठवड्यास तेच चित्र पुन्हा काढवावे. प्रत्येक कागदावर तारीख व वेळ लिहिलेली असावी; ती नसेल, तर महिन्याने ते कागद जुळविता येणार नाहीत.