हातांवाचून झुंज

बंगळूरहून म्हैसूरच्या वाटेवर सुमारे ५० किलोमीटरवर रामनगरचे उंच खडक लागतात. रमेश सिप्पींच्या ‘शोले’ (१९७५) चित्रपटातील रामगढ येथेच उभारले होते. त्यातील अखेरच्या झुंजीत ठाकूर केवळ पायांनी लढतो. कारण गब्बरने त्याचे दोन्ही हात पूर्वीच तोडलेले असतात. खिळे मारलेल्या जोड्यांनी तो गब्बरचे हातच चिरडतो. कसरत म्हणून त्या लाथा साध्याच. परंतु प्रत्येकीमागे जुना हिशेब आहे. ठाकूर पूर्वीचा पोलीस अधिकारी; म्हणून सूड की कायदा, हा पेचही त्या झुंजीत उभा राहतो. मूळ शेवटात तो गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरच्या आग्रहामुळे पोलिसांनी त्याला आवरल्याचे दाखविले गेले. डावपेच शिकता येतात. त्यांना अर्थ देते ती कथाच.